तोंड झाकलेला राखणदार

झुलाल आबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याशी वीस मिनिटं बोललो आणि ते माझ्याशी पाच वाक्यं बोलले. त्या वीस मिनिटांची मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी जळगावात चित्रकला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. चित्र काढणं मी कधीच सोडून दिलंय. आता दुसऱ्यांच्या चित्रांवर बोलतो. हे काम फार सोपं आहे. चित्र काही उलटून बोलत नाही आणि विद्यार्थ्यांना मार्क हवे असतात. त्यामुळे कुठल्याही चित्रासमोर उभं राहिलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. बायको म्हणते, उचलली जीभ लावली टाळ्याला. मला ते कौतुक वाटायचं.

जानेवारीत आमच्या महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन भरतं. मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सभागृह आहे. यंदा सगळ्यांची नजर जाईल असं एकच चित्र होतं. शेवटच्या वर्षाला असलेल्या पुनमचं. पाच फूट उंचीचा कॅनव्हास. दगडी तटबंदीतलं मोठं दार, आणि दारासमोर डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी चिलखत घातलेला एक पहारेकरी. हातात भाला. शिरस्त्राणाची झडप खाली ओढलेली, डोळ्यांच्या जागी नुसती काळी फट. आकाश जांभळं, त्यात दोन चंद्र. तटाच्या भिंतीवर एक काळसर, फुगलेलं जनावर पसरलेलं, आणि पहारेकऱ्याच्या पायांपासून क्षितिजापर्यंत सगळी जमीन लालभडक. खाली चिठ्ठीवर पुनमनं नाव लिहिलं होतं, 'राखणदार'.

पुनम दोंडाईचाची. वसतिगृहात राहायची. वर्गात तिचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू आला तर आला. मोबाईलवरच्या लढायांच्या खेळांत असली चिलखतं असतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तिनं तिथूनच काहीतरी उचललं असणार असं मी धरून चाललो होतो. तरी चित्र दमदार होतं. परीक्षकांनी त्याला पहिलं बक्षीस दिलं. बक्षीस समारंभ रविवारी होता.

गुरुवारी दुपारी सभागृहात माणूस नव्हता. मी टेबलाशी बसून चहा पीत होतो. तेवढ्यात एक साठीकडे झुकलेला माणूस दारात आला. अंगात निळा सदरा, त्याच्या बाहीवर 'सिक्युरिटी' असं शिवलेलं, गळ्यात उपरणं, हातात कापडी पिशवी. त्यानं चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे प्रदर्शनाला येणारा कोणी चपला काढत नाही. तो भिंतीच्या कडेकडेनं चालत पुनमच्या चित्रापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उजव्या पायावर भार देऊन, डावा गुडघा जरा वाकवून.

मला वाटलं, कुठल्यातरी बँकेचा वॉचमन असेल, उन्हातून सावलीत आला असेल. चला, याला जरा चित्र समजावून सांगू. मी कप खाली ठेवला आणि गेलो. कुणी बोलावलं होतं का? नव्हतं.

"सर, हाऊ मानूस कोन शे?" त्यानं विचारलं.

माझं आजोळ अमळनेरकडचं, त्यामुळे अहिराणी मला कळते. पण मी आपला मराठीतच सुरू झालो. म्हटलं, हा पहारेकरी. पण खऱ्या जगातला नाही, कल्पनेतला. हे असं चिलखत, हे दोन चंद्र, हे आपल्याकडचं काही नाही.

"आनि खाले हाई लाल काय शे?"

"रक्त," मी म्हणालो. "रणांगण आहे हे. किती माणसं पडली असतील त्याचा हिशेब नाही, आणि हा आपला दार राखत उभा आहे."

तो बराच वेळ त्या लालकडे बघत राहिला. मग त्यानं तिसरा प्रश्न विचारला. "त्यान्हं तोंड कसं काय दिखत नही?"

मी खुलून गेलो. माझा आवडता मुद्दाच त्यानं काढला होता. मी म्हणालो, "तोंड नाहीच. आत कोणीच नाही. चिलखत रिकामं आहे. आयुष्यभर दुसऱ्याचं दार राखता राखता माणूस आतून संपून जातो. उरतं ते नुसतं कवच. उभं आहे म्हणून माणूस म्हणायचं. चित्र काढणारीला हेच सांगायचंय की ह्या माणसाला चेहरा नाही, आणि तो नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही."

यानंतर मी आणखी पुष्कळ बोललो. रंगांबद्दल, त्या काळ्या जनावराबद्दल. जनावर म्हणजे सत्ता, असंही काहीतरी म्हणालो. समोरचा माणूस सिक्युरिटीचा सदरा घालून उभा आहे हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, "बराबर शे, सर."

त्यानं हात जोडले, टेबलावर पिशवी ठेवली, "पुनमले द्या" एवढं म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. तिच्या गावाकडचं कोणी असेल असं धरून मी पुन्हा चहा घेतला. तो गार झाला होता.

अर्ध्या तासानं पुनम धावतच आली. "सर, माझे आबा आले होते का? सकाळच्या गाडीनं येणार होते. दोन दिवसांची रजा घेतलीय त्यांनी. चित्र दाखवून त्यांना मावशीकडे न्यायचं होतं." तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. पिशवीत दादर ज्वारीच्या भाकऱ्या आणि फडक्यात बांधलेला ठेचा होता. तिनं ते फडकं ओळखलं.

त्यांना काय ऐकवलं ते मला आठवलं. तरी ते मी तिला सांगितलं नाही. म्हणालो, "आले होते. घाईत होते वाटतं."

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. आबा स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत होते. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "पोरी, चित्र भारी शे," ते म्हणाले. ती म्हणाली, मग रविवारी या, बक्षीस आहे, आईलाही आणा. आबा आधी खोकले. मग, "तठे मन्हं काय काम? तू ले बक्षीस. माले दखाडानी काय गरज शे." मला लोकांना दाखवायची काय गरज, एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला.

पुनम फोनकडे बघत राहिली. "असं का म्हणाले?" तिनं मला विचारलं. "गेले दोन महिने रोज विचारत होते, चित्र कधी बघायला मिळेल. सर, त्यांना आवडलं नाही का? मी त्यांना न विचारता त्यांना काढलं, म्हणून राग आला असेल?"

"त्यांना काढलं?" मी म्हणालो.

"हो. ते आबाच आहेत ना."

तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. मी तिला खाली बसवलं आणि आधी विचारलं, "तोंड का झाकलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. "सर, मिरचीच्या पथारीवर तोंड उघडं ठेवून कोण उभं राहील?"

मग ती बोलायला लागली. तीन वर्षांत ती एवढं कधी बोलली नव्हती. झुलाल आबा दोंडाईचाला एका व्यापाऱ्याच्या मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे उघडं माळरान, त्यावर हिवाळाभर लाल मिरची वाळत घातलेली असते. आधी ते तिथेच हमाल होते. पोती उचलून आणि ती धूळ छातीत घेऊन दमा लागला, तेव्हा शेठनं त्यांना राखणदार केलं. गणवेश कुणी दिला नाही. तो निळा सदरा त्यांनी स्वतः शिवून घेतला. गुरं येऊ नयेत, चोर येऊ नये, आणि मुख्य म्हणजे पावसात मिरची भिजू नये, यासाठी ते दिवसभर उभे असतात. अंगात दोन सदरे, हातांना मोजे बांधलेले, डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, डोळ्यांपुरती फट.

"ते घरी आले की आम्हाला जवळ जायची बंदी," पुनम सांगत होती. "अंगाला, कपड्यांना सगळीकडे मिरची. आम्ही लहान, हात लावला आणि तोच डोळ्याला लागला तर? आबा आधी अंगणात आंघोळ करायचे. आम्ही बहिणी उंबऱ्यापाशी उभ्या. मला वाटायचं, ह्या कपड्यांच्या आत माझे आबा आहेत आणि पाणी पडलं की ते बाहेर येतात. रोज वाटायचं, आज नाही आले तर?"

"आणि ते भिंतीवरचं जनावर?"

"अवकाळी पाऊस आहे, सर. एका वर्षी दुपारी असाच ढग आला. सगळे हमाल जेवायला गेलेले. आबांनी एकट्यानं ताडपत्र्या ओढल्या. अर्धी पथारी वाचवली आणि गुडघा कायमचा अधू झाला. चित्रात ते उजव्या पायावर उभे आहेत, पाहा."

पाहिलं. तीन महिने तो कॅनव्हास माझ्या वर्गात होता, मी त्यावर तीनदा भाषण दिलं होतं, आणि तो पाय मला दिसला नव्हता. लाल जमिनीबद्दल विचारायची हिंमत होईना, तरी विचारलं.

"मिरच्याच ना," ती म्हणाली. "तुम्ही वर्गात 'रणांगण छान जमलंय' म्हणालात. मी काही बोलले नाही."

"का नाही बोललीस, बाई?"

"तुम्ही सर आहात."

आमच्याकडे शिक्षकाचा असा मान राखतात. पोरगी स्वतःच्या चित्रातल्या मिरच्या सोडून देईल, पण सरांना चूक म्हणणार नाही. मी तिला शेवटचं विचारलं, आबाच काढायचे होते तर साधेच का नाही काढले, हे लोखंड कशाला? ती म्हणाली, "साधा वॉचमन काढला असता तर कोण थांबलं असतं, सर? लोखंडाचा काढला म्हणून तुम्ही तरी थांबलात."

मग मी तिला सगळं सांगितलं. रिकामं चिलखत, आत कोणी नाही, चेहरा नाही, एकही शब्द न गाळता. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आबांना वाटतंय, मी त्यांना असं बघते. सर, आता तुम्हीच जा. मी सांगितलं तर ते म्हणतील, पोर समजूत काढतेय. तुमचं त्यांनी खरं मानलं, तर खोटंही तुम्हीच म्हणा."

शुक्रवारी सगळा दिवस मी कारणं शोधण्यात घालवला. शनिवारी सकाळी सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं घोकत घोकत अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. आयुष्यात मी पुष्कळांची माफी मागितली असेल, पण ती 'क्षमस्व' लिहून. समोर जाऊन मागायची वेळ आली नव्हती.

दोंडाईचा स्टेशनवरून रिक्षानं गावाबाहेर निघालो तेव्हाच नाक झोंबायला लागलं. रिक्षावाल्यानं रुमाल बांधला आणि मला म्हणाला, तुम्हीपण बांधा. मी बांधला नाही. एक वळण घेतलं आणि समोर ते दिसलं. नजर जाईल तिथवर जमीन लाल. कुठे भडक, कुठे काळपट, कुठे नुकत्या पसरलेल्या ओल्या मिरचीची चकाकी. पुनमनं एकेक छटा बरोबर लावली होती. मी खाली उतरलो आणि खोकत सुटलो. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, काहीच दिसेना.

कडेला एक माणूस हातात काठी घेऊन उभा होता. अंगभर कपडे, डोक्यापासून हनुवटीपर्यंत उपरणं गुंडाळलेलं. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "झुलाल आबा कुठे भेटतील?"

त्यानं काठी बगलेत धरली आणि उपरण्याचा एकेक वेढा काढला. "मीच शे, सर," ते म्हणाले. "तुम्ही इतला लांब कसाले उनात?"

त्यांनी आधी मला पंपापाशी नेऊन डोळे धुवायला लावले. चोळू नका, नुसतं पाणी मारा, म्हणाले. मग कडुनिंबाखाली दोन पोती टाकून आम्ही बसलो. मी सांगायला सुरुवात केली आणि माझी जीभ अडखळली. शेवटी एवढंच म्हणालो, "आबा, मी चुकलो. ते रक्त नव्हतं. ह्या मिरच्या होत्या. पुनमनं तुम्हाला काढलंय."

ते पथारीकडे बघत होते. "माले पयले मिरच्याच वाटन्यात, सर. मनमा म्हनं, हाई ते आपली पथारी शे. हाऊ मानूस बी मन्हासारखा उभा शे. पन तुम्ही रगत म्हनात. तुम्ही शिकेल मानूस. मन्हा डोयासले काय समजस?"

चूक माझी, आणि हा माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून गाडीत बसला होता.

मी त्यांना आंघोळीचं सांगितलं. उंबऱ्यात उभी राहिलेली पोर, आणि पाणी पडलं की कपड्यांतून बाहेर येणारे आबा. झडप बंद आहे ती आत कोणी नाही म्हणून नाही, आत तुम्ही आहात म्हणून, असंही म्हणालो. मी बोलत असताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ते हातातले मोजे काढून मांडीवर सरळ करत बसले होते.

"आंग धोयाबगर मी तिले कधी हात नही लावा," ते म्हणाले. तिकडे एक गाय पथारीकडे वळली, ते तिथूनच ओरडले, ती परतली. मग ते म्हणाले, "पन सर, तुम्ही सांगं ते बठ्ठं खोटं नव्हतं."

"आबा, असं म्हणू नका. सगळंच खोटं होतं ते."

"खरं सांगस. बावीस वरीस झायात. दुसरानी मिरची राखी. मन्हा मनमा काय शे, कोनी इचारं नही. मी बी नही इचारं. मानूस आतमा रिकामा व्हई जास. तुम्ही बोलनात तव्हय माले राग नही उना. माले वाटनं, हाई मन्ही पोरले कसं समजनं? मी ते तिले कधी दखू दिधं नही."

मी शोधलेला अर्थ चित्रात नव्हता. तो माझ्यासमोर पोत्यावर बसला होता, आणि मी तो त्याच्याच तोंडावर, चहाच्या दोन घोटांमध्ये फेकला होता. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी धरले नाहीत, कारण त्यांनी ते धरू दिले नसते आणि उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असतं.

निघताना विचारलं, उद्या याल ना? ते पुन्हा उपरणं गुंडाळत होते. "शेठले इचारी पाहस," म्हणाले. मग फक्त डोळे उरले, आणि त्या डोळ्यांवरून मला काही अंदाज बांधता आला नाही.

रविवारी सभागृह भरलं. पुनम पहिल्या रांगेत बसली होती आणि मागे वळून वळून दाराकडे बघत होती. बक्षीस तिनं एकटीनं घेतलं. टाळ्या झाल्या. तिनं हसायचा प्रयत्न केला, तो मला बघवेना. मी गाडीचं वेळापत्रक तीनदा पाहिलं होतं; दोंडाईचाची गाडी येऊन तास झाला होता.

समारंभ संपला. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले, नामवंत समीक्षक. त्यांना चित्रं दाखवत मी पुढे चाललो होतो. पुनमच्या चित्रापाशी पोचलो तर तिथे आबा आणि पुनमची आई भागाबाई उभे. कधी आले कोणास ठाऊक. चपला दोघांच्याही दाराबाहेर. आबांनी तोच निळा सदरा घातला होता, इस्त्री केलेला. गळ्यात उपरणं नव्हतं. दाढी नुकती केलेली, गालावर ओरखडा. भागाबाई पदर सावरून चित्राकडे बघत होत्या, आणि त्यांचा हात नकळत नाकाकडे गेला, जसा पथारीजवळून जाणाऱ्याचा जातो.

पाहुणे चित्रासमोर थांबले. चष्मा लावून त्यांनी ती काळी फट निरखली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "फारच विलक्षण. काय वाटतं तुम्हाला, कोण असेल हा?"

मी बाजूला झालो आणि आबांकडे हात केला.

आबा गोंधळले. त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. मागून पुनम येताना मला दिसली. आबांना ती दिसली नव्हती. त्यांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला, पण डाव्या गुडघ्यानं साथ दिली नाही. तशाच वाकड्या उभेपणात ते म्हणाले, "हाऊ मी शे."

पुनम तिथेच थांबली. आबांनी तिचा आवाज नाही, पण पाऊल ओळखलं असावं. ते वळले, तिचा हात धरला, सगळ्यांसमोर तिला जवळ ओढलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "आनि हाई मन्ही आंडेर. इनी माले दखं."

पाहुण्यांना अहिराणी कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "हा मी आहे, म्हणतात. आणि ही माझी मुलगी. हिनं मला पाहिलं." पाहुण्यांना वाटलं, मी आणखी काही सांगेन. ते थांबले. मी त्यात एक शब्दही घातला नाही.